ड्रोन घेण्याआधी त्याचे मोड समजून घ्या

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमची मॉरिस काउंटी एकदम बातम्यांत आली होती. पिकॅटिनी आर्सेनल या लष्करी तळाच्या आसपास रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि बघता बघता सगळं न्यू जर्सी आकाशाकडे बघायला लागलं. भारतातून फोन यायचे, "अरे, तुमच्याकडे ते ड्रोनचं काय चाललंय?" १६ डिसेंबरला केंद्रीय यंत्रणांनी एकत्रित निवेदन काढलं. पाच हजारांवर तक्रारी आल्या होत्या, त्यातून पुढे तपास करण्यासारखे धागे निघाले साधारण शंभर. लोकांना दिसलेल्या गोष्टींत नियमानुसार उडणारे ड्रोन होते, विमानं आणि हेलिकॉप्टर होती, इतकंच काय, आकाशातले तारेही होते.

तेव्हा चर्चा झाली ती "हे ड्रोन कुणाचे?" याची. पण ज्यांच्या हातात रिमोट असतो त्यांना आपला ड्रोन नेमका कसा उडतो हे कळतं का, हा प्रश्न राहूनच गेला. माझ्या मते खरा धोका तिथे आहे.

याचं एक उदाहरण आमच्या शेजारचंच आहे. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी ब्रुकलिनमधल्या एका हौशी माणसाने आपला फँटम ४ ड्रोन समुद्रावर अडीच मैल लांब नेला. एवढ्या अंतरावर ड्रोन डोळ्यांना दिसत नाही, सगळी भिस्त स्क्रीनवर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे त्या दिवशी हवाई निर्बंध होते, तेही त्याला माहीत नव्हते. स्टेटन आयलंडच्या पूर्वेला तो ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, पण ते न्यू जर्सीत लिंडेनला सुखरूप उतरलं. आत अडकलेल्या मोटरवरच्या क्रमांकावरून मालकाचा पत्ता लागला. त्याने 'रिटर्न टू होम' बटण दाबलं होतं, संपर्क तुटल्यावरही ड्रोन आपोआप येईल म्हणून वाट पाहिली आणि शेवटी तो पाण्यात पडला असं धरून चालला. धडक झाली हे त्याला कळलं ते तपास अधिकाऱ्यांकडून!

त्या ड्रोनमध्ये काही बिघाड नव्हता. नजरेपलीकडे उडवणं हे अपघाताचं कारण ठरलं आणि नियमांचं अपुरं ज्ञान त्याला जोडून आलं. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे बटणावरचा आंधळा विश्वास.

ड्रोनचे मोड म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. नेहमीच्या मोडला कंपन्या 'नॉर्मल' किंवा 'पोझिशन' म्हणतात. यात ड्रोन जीपीएस आणि खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मदतीने आपली जागा धरून ठेवतो. स्टिक सोडल्या की हवेत जागच्या जागी थांबतो. नवखा माणूस यावरच शिकतो, त्यामुळे त्याला वाटतं की हा ड्रोनचा स्वभावच आहे. तो स्वभाव नाही, सेन्सर चालू असेपर्यंतची सोय आहे.

जीपीएस कमजोर झालं, किंवा लोखंडी पूल, सळयांचं काँक्रीट, गाडीचं टप यांमुळे होकायंत्र गडबडलं, की बरेच ड्रोन स्वतःहून 'ॲटिट्यूड' मोडमध्ये जातात. आता तो तोल आणि उंची सांभाळतो, जागा नाही. वारा नेईल तिकडे जातो. स्टिक सोडून "थांबेल आता" म्हणत बसलेल्या माणसाला ड्रोन पळाल्यासारखा वाटतो. खरं तर त्या क्षणी उलट्या दिशेने स्टिक देऊन तो आपणच थांबवायचा असतो.

'स्पोर्ट' मोडमध्ये वेग मिळतो, पण बहुतेक ड्रोनमध्ये अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद होते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. 'रिटर्न टू होम' साधारणपणे ठरवलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परत येतो. ती उंची मोजली जाते जिथून उडवला तिथपासून. घाटात पायथ्याशी उभं राहून ३० मीटर उंची लावली आणि मध्ये ५० मीटरचा कडा असला, तर अडथळा ओळखण्याची सोय नसलेला ड्रोन आज्ञाधारकपणे कड्यावर जाऊन आपटेल.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हाला हा प्रकार ओळखीचा आहे. सिस्टम आता कोणत्या स्थितीत आहे हे वापरणाऱ्याला कळलं नाही, तर कोड कितीही चांगला असो, घोटाळा होतोच. विमानक्षेत्रात याला 'मोड कन्फ्यूजन' असं नावच आहे.

यावर काही जण म्हणतात, महागडा ड्रोन घ्या, तो सगळं सांभाळतो. मला हे पटत नाही. विजेच्या तारा आणि हिवाळ्यातल्या निष्पर्ण फांद्या चांगल्या सेन्सरलाही चुकतात. पाणी, ताजा बर्फ किंवा अंधार असला की खालच्या कॅमेऱ्यांना धरायला काही सापडत नाही. इथल्या जानेवारीच्या थंडीत बॅटरीचा दाब पटकन उतरतो. जाताना वारा पाठीवर असला की बरं वाटतं, येताना तोच वारा तोंडावर असतो आणि अर्धी उरलेली बॅटरी पुरत नाही. उलट महागड्या ड्रोनमुळे माणूस जास्त निर्धास्त होतो.

नियमांचंही तसंच. अमेरिकेत हौसेसाठी उडवणाऱ्या प्रत्येकाला 'ट्रस्ट' ही मोफत ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, ड्रोन कितीही छोटा असला तरी. २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर नोंदणी हवी. ड्रोन कायम नजरेत हवा. पार्सिपनीत तर मॉरिसटाउनचा विमानतळ जवळच, त्यामुळे घरामागच्या अंगणातून उडवतानाही हवाई हद्द तपासलेली बरी.

आणि सुट्टीत भारतात जाताना भाच्यासाठी किंवा लग्नाच्या शूटिंगसाठी बॅगेत ड्रोन टाकणाऱ्यांना एक विनंती. भारताने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत. "छोटाच तर आहे" हे कारण कस्टमला चालत नाही. मुळात मांडवातल्या तीनशे माणसांच्या डोक्यावर, पत्र्याच्या शेडजवळ आणि तारांच्या जाळ्यात ड्रोन उडवणं हे नवशिक्याचं काम नव्हेच.

मुलांना ड्रोन देऊ नका असं मी म्हणणार नाही. गणित, भौतिकशास्त्र आणि शिस्त एकत्र शिकवणारं इतकं मजेदार खेळणं दुसरं नाही. पण देताना बरोबर बसा. मोकळ्या मैदानात, कमी वाऱ्यात, हाताच्या उंचीवर प्रत्येक मोड लावून बघा. उडवण्याआधी मुलाला तीन प्रश्न विचारा: आत्ता कोणता मोड आहे, जीपीएस गेलं तर तू काय करशील आणि परतीची उंची किती लावली आहेस? आपल्या मंडळांनीही कार्यक्रमाला ड्रोनवाला बोलावताना भाव विचारण्याआधी हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं पटकन आली नाहीत, तर त्या दिवशी फोटो जमिनीवरूनच काढावेत.

(लेखक न्यू जर्सीतील पार्सिपनी येथे सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत.)