तार पंचायतीपर्यंत, पुढे काय?

गावोगावी इंटरनेट नेण्याच्या घोषणा ऐकून आपले कान किटले आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे 'भारतनेट' असे बारसे झाले. मुदती आल्या नि गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी मिळाली.

'एवढा पैसा खेड्यांवर कशाला?' असे आपल्यातलेच काही शहरी मित्र विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की हा दानधर्म नव्हे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत जमा होत आली. आता त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी'. शेतमजुराच्या रिचार्जमधलाही वाटा त्यात आहे!

शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. माझे बाबा चौथी शिकलेले. पऱ्हाटीचा फोटो ते वावरात काढतात, पण तो वर चढवायला रेंज शोधत टेकडीवर जातात. अर्ज सक्तीचा आणि रेंज मात्र नशिबाची, हा कुठला न्याय? केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्याकडे त्याची चर्चाही झाली नाही.

मूळ योजना ग्रामपंचायतीच्या दारापर्यंतच होती. आपल्या झरी-जामणी, घाटंजी, केळापूर भागातले कोलामांचे पोड त्या दारापासून दूर. नव्या आराखड्यात उरलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही जोडणी आहे, पण 'मागणी केल्यास'. पोडावरून ही मागणी करायची कोणी? आणि कशी, ऑनलाइन?

माझ्या मते तार आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि वाचनालयात जावी, जिथे पोरे बसतात. पंचायतीच्या कार्यालयाला पाचनंतर कुलूप असते. अभ्यास तर रात्रीच होतो. वीज गेली की केबलची पेटी मुकी, म्हणून बॅटरीचा खर्च त्याच निधीतून व्हावा. दुरुस्तीसाठी गावातल्याच एका मुलाला किंवा मुलीला शिकवून पगार द्यावा. महिन्यातून किती दिवस इंटरनेट बंद होते, ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. खोदलेल्या किलोमीटरांचे आकडे सरकारने खुशाल छापावेत. आम्हाला हे बंद दिवसांचे आकडे हवेत.