मुंबई ते नागपूर : किती दूर, किती वेळ?

मुंबईहून नागपूर किती दूर आहे? प्रश्न साधा वाटतो. पण उत्तरे पाहा. लोहमार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर ८३७ किलोमीटर आहे. घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावे जोडत रूळ जातात. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. मात्र त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे आहे, मुंबईत नव्हे. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत कमी अंतर काढले, तर ते सुमारे ६८० किलोमीटर भरते. तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आता वेळ काढू. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर ६८० भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ दिलेली असते. मग गणित चुकले काय? नाही. ताशी ८०० हा उंचावरून सरळ जातानाचा वेग आहे. विमान जागेवरून हलते, धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, चढते, उतरताना पुन्हा वेग कमी करते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. वेळापत्रक हे सारे धरून, विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची वेळ सांगते. त्या हिशेबाने सरासरी वेग ताशी ४५० किलोमीटरच्या जवळपास येतो.

वाऱ्याचाही विचार करू. समजा, पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटर वेगाने वारा वाहत आहे. वर काढलेल्या ५१ मिनिटांऐवजी जाताना सुमारे ४५ मिनिटे लागतील आणि येताना सुमारे ५८. जाण्यायेण्याची बेरीज १०२ ऐवजी १०३ मिनिटांहून थोडी अधिक! जाताना वाचलेला वेळ येताना पुरता फिटत नाही, उलट थोडा जास्तच जातो. असे का व्हावे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.

आमचे म्हणणे एवढेच, की वेग, अंतर व वेळ यांची उदाहरणे शिकविताना ‘कोठून कोठपर्यंत?’ आणि ‘कोणता वेग?’ हे दोन प्रश्न सुटू नयेत. हे केवळ परीक्षेपुरते नाही. आगगाडीला रात्र लागते आणि विमानाला पाऊण तास, अशी तुलना आपण सर्रास ऐकतो. तिच्यात घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास, तेथील तपासणी, सामानाची वाट पाहणे हे काहीच धरलेले नसते. विमान तरीही लवकर पोहोचेल. पण नेमके किती लवकर, हे त्या तुलनेतून कळत नाही. आणि अशाच तुलनांच्या आधारे माणसे तिकिटे काढतात, रस्ते व विमानतळ मागतात.

शिक्षकांनी एका तासाला पुस्तकातील उदाहरण बाजूला ठेवून खरे वेळापत्रक वर्गात आणावे. आपल्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतची एसटीसुद्धा त्यासाठी पुरेशी आहे. आलेले उत्तर आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक पडला, की तो का पडला हे मुलांना शोधू द्यावे. भागाकार तर यंत्रही करते. त्या फरकाचे कारण शोधण्यात विज्ञान आहे.