भीती कुणाची, कुणासाठी?

सौंदडला रेल्वे आहे, मुंबई-कोलकाता महामार्ग आहे. मुलं शिकायला दूर जातात आणि आईबाप मागे काळजी करत बसतात. शेजारच्या काकूंचा मुलगा बंगळूरला. आठ दिवस फोन नाही. "भाऊ, इंग्रजीत लिहून दे ना," काकू म्हणाल्या. मी वसतिगृहाला ईमेल लिहिला, 'शी इज अफ्रेड ऑफ हर सन.' उत्तरात विचारणा आली, मुलगा घरी मारहाण करतो काय? पोरगा तिकडे तापाने फणफणलेला, आणि आमचे दोन दिवस या घोळात गेले!

ज्याच्यापासून धोका, त्याला 'ऑफ'. ज्याच्या जिवाला धोका, त्याला 'फॉर'. मराठीत 'मुलाची भीती वाटते' दोन्हीकडे खपतं, ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो. परका माणूस कसा समजणार? आणखी एक गंमत. साहेबाने 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणत अर्ज नाकारला, तर तो घाबरलेला नसतो. ते सभ्य भाषेतलं 'नाही' असतं.

आपल्या राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. रजेचा अर्ज पोरांना तोंडपाठ. पण 'माझा मुलगा कसा आहे?' हे काळजीने विचारणारं पत्र मला तरी कुणी शिकवलं नाही. माझ्या मते ते रजेच्या अर्जाआधी शिकवावं.

दुसऱ्या पत्रात मी साधं 'वरीड अबाउट हर सन' लिहिलं. पाठवण्याआधी काकूंनी ते मराठीत सांगायला लावलं. दोनदा.