खंडाळ्याची दरी आणि एक सही

आपल्या गडहिंग्लजला रेल्वे नाही. म्हणून मी आणि माझी धाकटी जाऊ एस.टी.नं कोल्हापूर गाठून दिवसाच्या गाडीनं मुंबईला निघालो. तिच्या पर्समध्ये एक कागद होता. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले, आता त्यांची पिठाची गिरणी विकून टाकावी, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह. कारण काय, तर "बाईमाणसाला जमायचं नाही!" सही करण्याआधी तिला डोंबिवलीच्या भावाला विचारायचं होतं. पुण्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

खंडाळा सुटलं, बोगदा संपला आणि खिडकीबाहेर जणू जमीनच नाहीशी झाली. उभे काळे कडे, त्यांवरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा आणि खूप खाली झाडीत उल्हास नदीची बारीक रेघ. पुन्हा अंधार, पुन्हा दरी.

"हा रस्ता कुणी केला असेल हो अक्का?" तिनं विचारलं.

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे सांगायला उत्साहच आला. या घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ठेका सोडला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या जाणत्या इंजिनिअरांवर कामाची देखरेख सोपवली. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांना एक फूट चढ! 1863 साली घाट सुरू झाला. तिच्यापाशी पैसा होता, हे खरं. आणि कडा फोडला तो हजारो मजुरांनी. त्यांत बायकाही होत्या, कितीतरी जीव इथंच गेले. पण "जमायचं नाही" म्हणून तिनं काम टाकलं नाही, एवढं नक्की.

"तिला हिशेब येत होता का?"

"येत नसेल तर शिकली असेल. तुला तर येतोच की!"

मैत्रिणींनो, अशी वेळ कुणावरही येऊ शकते. सही करण्याआधी वर्षाचा जमाखर्च बघा. जुना कामगार टिकेल का, विचारा. कागद घराबाहेरच्या जाणत्या वकिलाला दाखवा. मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पतीच्या मालमत्तेत पत्नी, मुलं आणि सासूबाई यांना सारखा वाटा मिळतो, हेही ध्यानात ठेवा.

आमच्या गिरणीचा पट्टा सध्या फिरतोय. गल्ल्यावर जाऊबाई बसतात. तो कागद अजून कोराच आहे!