सल्लागाराची सही

आमच्याकडील बहुतेक महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत एक सदर नेमानें असतें. कोणत्या अध्यापकाची सरकारच्या कोणत्या समितीवर नेमणूक झाली, ह्याची यादी त्यांत मोठ्या अभिमानानें दिलेली असते. तो अध्यापक समितींत जाऊन काय बोलला, हें मात्र त्या सदरांत येत नाहीं. आणि तें विचारावें असें वाचणारासहि वाटत नाहीं. नेमणूक हीच विद्वत्तेची पावती होऊन बसली आहे.

परवां आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून त्यानें चांगला लौकिक मिळविला असून त्याची नुकतीच एका सरकारी सल्लागार मंडळावर नेमणूक झाली आहे. आम्हीं त्याचें अभिनंदन केलें, आणि ह्या विषयावर आतां काय लिहिणार, असें सहज विचारलें. तो हसून म्हणाला, "सर, आतां लिहावयाचें नाहीं. जें सांगावयाचें तें खोलींत सांगावें आणि बाहेर मौन धरावें, असा तेथील शिरस्ता आहे." हें बोलतांना त्याच्या मनांत खंत नव्हती, उलट, आपण जाणत्यांच्या पंगतीस बसलों ह्याचें समाधानच त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. त्यास दोष देण्याकरितां आम्ही हें लिहीत नाहीं. दोष आहे तो त्या शिरस्त्याचा, आणि तो शिरस्ता सुज्ञपणाचा मानणाऱ्या आम्हां सर्व अध्यापकवर्गाचा.

अर्थशास्त्रज्ञानें सरकारास सल्ला द्यावा कीं नाहीं, हा आमचा वाद नाहीं. द्यावा, अवश्य द्यावा. ज्या शास्त्राचा विषयच कर, चलन, मजुरी आणि धान्याचे भाव हा आहे, त्याच्या उपासकानें राज्यकारभाराकडे पाठ फिरविणें म्हणजे वैद्यानें रोग्याकडे पाठ फिरविण्यासारखें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्राध्यापकानें द्यावयाचा सल्ला लेखी असावा, त्याखालीं त्याची सही असावी, आणि निर्णय झाल्यावर तो लोकांपुढें ठेवण्याचा हक्क त्यानें कोणत्याहि पदाच्या मोबदल्यांत सोडूं नये. ज्यास हा हक्क सोडावयाचा असेल त्यानें खुशाल सोडावा; परंतु मग त्यानें स्वतःस सरकारी नोकर म्हणवून घ्यावें, प्राध्यापक म्हणवून घेऊं नये.

ह्या हक्काचें मोल काय, तें १९५५ सालच्या एका प्रसंगावरून दिसून येईल. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आंखणी चालली असतां सरकारनें अर्थशास्त्रज्ञांचें एक मंडळ नेमलें होतें. अध्यक्षस्थानीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते, आणि देशांतील नामांकित अर्थशास्त्रज्ञ त्याचे सभासद होते. मंडळाचें निवेदन योजनेच्या आराखड्यास अनुकूल झालें. त्यास गुजरात विद्यापीठांतील प्राध्यापक बी. आर. शेणॉय ह्यांनीं एकट्यानें आपली भिन्नमतपत्रिका जोडली. योजनेचा आकार देशाच्या खऱ्या बचतीच्या आवांक्याबाहेरचा आहे. ही तूट नवें चलन निर्माण करून भरून काढूं गेल्यास महागाई वाढेल आणि परदेशी चलनाच्या गंगाजळीवर ताण पडेल. मग नियंत्रणांवर नियंत्रणें लादीत जावें लागेल, आणि त्याची झळ लोकशाही संस्थांसहि लागेल, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें योजना मंजूर झाली ती ४,८०० कोटि रुपयांच्या सरकारी खर्चाची, आणि त्यांपैकीं १,२०० कोटि तुटीच्या अर्थभरण्यांतून यावयाचे होते. १९५७ सालीं परदेशी चलनाची टंचाई उभी राहिली, आयातीवर कडक निर्बंध आले, आणि १९५८ सालीं जागतिक बँकेच्या पुढाकारानें मदत करणाऱ्या राष्ट्रांची बैठक भरवावी लागली.

शेणॉय ह्यांचें सर्वच म्हणणें आम्हांस मान्य आहे असें नाहीं. उद्योगधंद्यांच्या क्षेत्रांतून सरकारनें अंग काढून घ्यावें, हा त्यांचा आग्रह आम्हांस कधींहि पटला नाहीं, आणि वर्गांत आम्ही तो खोडूनहि काढतों. परंतु खोडून काढतां येतो तो कशामुळें? तो छापलेला आहे म्हणून! कोठें त्यांचें अनुमान खरें ठरलें आणि कोठें चुकलें, हें विशींतला विद्यार्थीहि आज पडताळून पाहूं शकतो. त्याच वर्षीं अमेरिकेचे प्राध्यापक मिल्टन फ्रीडमन सल्लागार म्हणून दिल्लीस आले होते, आणि त्यांनींहि नोव्हेंबर महिन्यांत सरकारास एक टिपण सादर केलें. तें पुस्तकांत छापून प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. मधल्या सदतीस वर्षांत योजनेमागून योजना आल्या आणि गेल्या. त्यांतील मतें बरोबर कीं चूक, ह्याचा वाद जेव्हां उपयोगी पडला असता तेव्हां सामान्य वाचकाच्या हातीं कागदच नव्हता.

जें छापलें जातें तेंच खोडतां येतें, आणि जें खोडतां येतें त्यासच शास्त्र म्हणावयाचें. केन्सनें हिंदुस्थानच्या चलनावरील आपला ग्रंथ १९१३ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास त्या विषयावरील शाही आयोगावरहि तो बसला. त्याचें मत ग्रंथरूपानें उघड होतें, म्हणूनच दहा वर्षांनीं, १९२३ सालीं, डॉ. आंबेडकरांना आपल्या रुपयाविषयींच्या प्रबंधांत त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करतां आला, आणि १९२५ सालीं पुढच्या आयोगासमोर साक्ष देतां आली. त्या आयोगानें रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स ठरविण्याची शिफारस केली, तेव्हां सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनीं चार पेन्सांच्या बाजूनें लिहिलेली भिन्नमतपत्रिका १९२६ सालीं अहवालाबरोबरच छापली गेली. परक्या सरकारनेंहि जो विरोध छापण्याचें सौजन्य दाखविलें, तो स्वकीयांच्या राज्यांत आम्ही आपण होऊन गिळून टाकावा, हें स्वातंत्र्याचें फळ म्हणावयाचें काय?

ह्यावर पहिला आक्षेप असा कीं, गुप्ततेवांचून मंत्री मोकळेपणें विचारणार नाहीं आणि सल्लागार मोकळेपणें सांगणार नाहीं. ह्यांत तथ्य आहे, पण तें थोड्या दिवसांपुरतें. नाण्याचा भाव उद्यां बदलावयाचा असेल तर आज त्याची दवंडी कोणी पिटूं नये, हें आम्हांसहि कळतें. परंतु गुप्ततेस मुदत असली पाहिजे. निर्णय झाला, लोकांस तो पाळावा लागला, त्याची किंमत त्यांनीं मोजली, त्यानंतरहि सल्ला कुलुपांत ठेवावयाचा तो कोणाच्या हितासाठीं? ८ नोव्हेंबर १९१६ नव्हे, २०१६ सालची ती रात्र वाचकांच्या स्मरणांत असेलच. पांचशें आणि हजारांच्या नोटा, म्हणजे चलनांतील सुमारें ८६ टक्के रक्कम, एका भाषणानें रद्द झाली. मजूर, भाजीवाल्या, निवृत्त शिक्षक बँकांच्या दारांत रांगा लावून उभे राहिले. त्या योजनेविषयीं आपलें प्रतिकूल मत फेब्रुवारी २०१६ मध्यें आपण तोंडी कळविलें होतें आणि पुढें बँकेनें टिपणहि दिलें होतें, असें रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन ह्यांनीं लिहिलें. पण तें २०१७ सालच्या पुस्तकांत. सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन ह्यांनीं त्या निर्णयास कठोर आघात म्हटलें. पण तें २०१८ सालीं, पद सोडल्यावर. हे दोघेहि मोठ्या योग्यतेचे प्राध्यापक आहेत, आणि पदाची मर्यादा त्यांनीं पाळली ह्याबद्दल आम्ही त्यांस नांवें ठेवीत नाहीं. आमचें भांडण त्या मर्यादेशीं आहे. रांगेंत उभ्या असलेल्या माणसास जें मत त्या आठवड्यांत कळावयास हवें होतें, तें त्यास पुस्तकाच्या दुकानांत विकत घ्यावें लागलें!

दुसरा आक्षेप असा कीं, भिन्नमतपत्रिका लिहिणें सोपें. ज्यास कारभार हांकावयाचा त्यास तडजोड करावी लागते. त्यास उत्तर म्हणून आम्ही धनंजयराव गाडगीळ ह्यांचें नांव पुढें करतों. १९३० पासून १९६६ पर्यंत पुण्याच्या गोखले संस्थेची धुरा वाहणारा हा पुरुष नुसता पुस्तकी नव्हता. प्रवरेच्या कांठचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यांत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनें तो झटला होता. नियोजन मंडळाच्या कारभारावर त्यांनीं पूर्वीं उघड टीका केली होती, आणि तरीहि, किंबहुना म्हणूनच, १९६७ सालीं त्याच मंडळाचें उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. तेथें त्यांनीं काय केलें? राज्यांस द्यावयाच्या मदतीची वांटणी दिल्लीच्या मर्जीवरून काढून उघड सूत्रावर आणून ठेवली: लोकसंख्येस ६० टक्के, आणि दरडोई उत्पन्नांतील मागासलेपणा, करउभारणींतील प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प, आणि राज्यांच्या विशेष अडचणी ह्यांस प्रत्येकीं १० टक्के. हें सूत्र निर्दोष होतें असें नव्हे. १९८० सालीं त्यांत फेरफार झाला. पण फेरफार करतां आला तो सूत्र आंकड्यांत लिहिलेलें होतें म्हणून. मर्जींत फेरफार करण्याची मागणी कोणत्या राज्यानें, कोणत्या तोंडानें करावी? मे १९७१ मध्यें दिल्लीचें काम संपवून पुण्यास परत येतांना आगगाडींतच त्यांचा अंत झाला. मागें राहिला तो उघड लिहिलेला हिशेब.

तिसरा आक्षेप कोणी तोंडानें बोलत नाहीं, पण सर्वांत बळकट तोच आहे: लिहिलें तर पुढचें बोलावणें येणार नाहीं. ह्याविषयीं दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आम्हांस आपली गोष्ट सांगितली पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीहि कालव्याच्या पाणीपट्टीसंबंधींच्या एका समितीवर होतों. ज्याच्या शेतास कालव्याच्या शेपटाकडे पाणी पोंचतच नाहीं, त्याच्याकडून पुरी पट्टी घेणें अन्यायाचें आहे, असें आम्हीं बैठकींत दोनदां सांगितलें. वृत्तांत आला तेव्हां त्यांत चार शब्द होते: "चर्चेनंतर सर्वांचें एकमत झालें." आम्हीं त्याखालीं सही केली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती, आणि पुढील बैठकीचें बोलावणें येईल अशी आशाहि होती. आज त्यांतला एखादा शेतकरी समोर येऊन "तेव्हां तुम्ही काय सांगितलेंत?" असें विचारील, तर आम्हांजवळ दाखवावयास कागद नाहीं. आहे ती केवळ त्याच्या विरुद्ध पडलेली आमची सही.

म्हणून जे सही नाकारतात त्यांच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो. केन्सनें १९१९ सालीं पॅरिस येथील तहपरिषदेंतून राजीनामा दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपला आक्षेप ग्रंथरूपानें जगापुढें ठेवला. जानेवारी २०१९ मध्यें, रोजगाराच्या पाहणीचा अहवाल अडकून पडला असतां, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सभासदांनीं पद सोडलें. मे महिन्यांत तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि २०१७-१८ सालचें बेकारीचें प्रमाण ६.१ टक्के असल्याचें लोकांस कळलें. ह्या लोकांना पदाचें महत्त्व कळत नव्हतें असें नाहीं. तें पद आपणांस कशामुळें मिळालें, ह्याचा त्यांस विसर पडला नव्हता, एवढेंच. सरकार प्राध्यापकास बोलावतें तें त्याच्या शब्दास वजन आहे म्हणून, आणि तें वजन तो वर्गांत व ग्रंथांत निर्भयपणें बोलत आला ह्यामुळें आलेलें असतें. तो गप्प बसला कीं सरकारास मिळतें तें केवळ त्याचें नांव.

आमची मागणी फार मोठी नाहीं. महाविद्यालयांनीं आपल्या वार्षिक अहवालांतील त्या सदरास आणखी एक रकाना जोडावा: समितीचें नांव, सभासदाचें नांव, आणि त्यानें लेखी दिलेलें मत. पहिल्या वर्षीं तो रकाना बहुतेक कोराच राहील. राहूं द्यावा, पण छापावा. आमच्या विद्यार्थ्यासहि आम्हीं निरोप घेतांना इतकेंच सांगितलें कीं, खोलींत अवश्य बोल, परंतु बाहेर पडण्यापूर्वीं तें कागदावर लिही आणि त्याखालीं तारीख घाल. आम्हांस जें साधलें नाहीं तें त्यास साधावें, ह्यापलीकडे गुरूनें शिष्याजवळ काय मागावें?