सूडपटांत संशयाला जागा किती?

सूडाच्या चित्रपटात शेवटी टाळ्या पडतात त्या न्याय झाला म्हणून, असे आपण समजतो. मला वाटते, त्या टाळ्या खात्रीला असतात. गुन्हा कोणी केला हे आपण पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे नायकाने कायदा हातात घेतला तरी भलताच माणूस मारला जाईल ही भीती आपल्याला शिवत नाही. न्यायालयाला वर्षानुवर्षे साक्षीपुरावे तपासूनही जी गोष्ट अनेकदा मिळत नाही, ती दिग्दर्शक एका प्रसंगात देऊन टाकतो. मानसशास्त्रीय थरारपट मनाच्या आत शिरल्याचा दावा करतो. त्याने निदान ही खात्री तरी तपासावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

या दृष्टीने दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ख्रिस्तोफर नोलनच्या ‘मेमेंटो’चा (२०००) नायक लेनर्ड पूर्वी विम्याच्या दाव्यांची चौकशी करीत असे. पत्नीवर हल्ला झाला त्या वेळी डोक्याला मार बसल्यापासून नवी आठवण त्याच्या मनात टिकत नाही. फोटो, टिपणे आणि अंगावर गोंदवून घेतलेली ‘तथ्ये’ यांच्या आधारे तो गुन्हेगाराला शोधतो आहे. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, त्यामुळे आधी काय घडले हे प्रेक्षकालाही ठाऊक नसते. अखेरीस टेडी नावाचा पोलीस त्याला सांगतो की सूड केव्हाच उगवून झाला आहे, फक्त तो विसरला आहे. टेडीवर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्न उरतोच. पण त्यानंतर लेनर्ड काय करतो ते आपण स्वतः पाहतो. आपण हे सारे विसरणार, हे जाणून तो टेडीच्याच गाडीचा क्रमांक पुरावा म्हणून लिहून ठेवतो. स्मृतीवर भरवसा नको, लेखी पुरावा हवा, असे मानणारा हा माणूस. पण तो पुरावाच त्याने स्वतः रचलेला असतो.

ए. आर. मुरुगदास यांचा ‘गजनी’ २००५ मध्ये तमिळमध्ये आणि २००८ मध्ये हिंदीत आला. गोंदण, फोटो, पुसली जाणारी स्मृती ही सारी सामग्री ‘मेमेंटो’चीच आहे, वगळला आहे तो संशय. कल्पनाची हत्या कोणी केली हे प्रत्यक्ष दाखवले जाते आणि त्यानंतर प्रश्नच संपतो. सुनीता ही वैद्यकीय विद्यार्थिनी मध्येच एकदा शंका घेते. एका निरपराध माणसाचा जीव धोक्यात आहे असे वाटून ती गजनीला सावध करते. संशयाची एवढी एकच जागा कथेत आहे, आणि तीही चूक म्हणून नोंदली जाते. दुसरी डायरी वाचून सुनीता नायकाच्या बाजूला आली की प्रेक्षक निर्धास्त होतो. नायकाची स्मृती अधू झाली, तरी त्याचा निवाडा मात्र शाबूत राहतो. एका चित्रपटात ज्या विकाराने सूडाचा पायाच खिळखिळा केला, तोच विकार दुसऱ्यात नायकाच्या मार्गातला एक अडथळा होऊन बसतो.

यावर असे म्हटले जाईल की जिथे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तिथे लोकांनी पडद्यावर तरी न्याय का पाहू नये? आक्षेप रास्त आहे. पीडिताचा संताप खरा असतो आणि त्याला कलेत जागा हवीच. परंतु संताप खरा असला म्हणजे समोरचा माणूस गुन्हेगार ठरतो असे नाही.

देनी व्हिल्नव्ह यांचा ‘प्रिझनर्स’ (२०१३) नेमका इथे उभा आहे. दोन लहान मुली बेपत्ता होतात. पुराव्याअभावी पोलीस ॲलेक्स या मतिमंद तरुणाला सोडून देतात. मुलींपैकी एकीचा बाप, केलर डोव्हर, त्याला पळवून एका ओसाड इमारतीत कोंडतो आणि त्याचा अमानुष छळ करतो. ॲलेक्सला काही ठाऊक आहे हा डोव्हरचा तर्क अगदीच निराधार नाही, म्हणून तर आपण बराच वेळ त्याच्या बाजूने असतो. पुढे उलगडते की ॲलेक्स स्वतःच लहानपणी पळवला गेलेला मुलगा आहे. मला यात सर्वांत अस्वस्थ करते ती दुसऱ्या मुलीची आई. आपण डोव्हरला मदत करायची नाही आणि अडवायचेही नाही, असे ती नवऱ्याला सुचवते. प्रेक्षागृहातली आपली जागा हीच असते.

हे केवळ पडद्यापुरते नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. मारणाऱ्यांच्या मनात संशय नव्हता, खात्री होती. ती खात्री चित्रपटांनी निर्माण केली असे मी म्हणणार नाही. तसा कार्यकारणभाव दाखवता येणार नाही. पण खात्री झाली की तपासाची गरज नाही, ही सवय आपण कथांतूनही अंगी बाणवत असतो.

म्हणून असा चित्रपट वर्गात चर्चेला घेताना सूड योग्य की अयोग्य, या प्रश्नापासून सुरुवात करू नये. अमुक माणूस दोषी आहे असे आपल्याला नेमके कोणत्या प्रसंगी वाटले, ते कोणाच्या सांगण्यावरून, आणि ते तपासून पाहण्याची संधी दिग्दर्शकाने आपल्याला दिली का, हे आधी विचारावे. ‘मेमेंटो’ आणि ‘प्रिझनर्स’ पाहून आलेला प्रेक्षक काहीसा ओशाळा होऊन बाहेर पडतो. ‘गजनी’ पाहून तो समाधानाने घरी जातो. कोणता चित्रपट अधिक रंजक, यावर मतभेद होऊ शकतील. पण राईनपाड्यानंतर त्या समाधानाकडे मला पूर्वीसारखे पाहता येत नाही.