पहारेकऱ्याची पडताळणी कोणी करावयाची?

लखनौच्या इंदिरा नगरात, लेखराज बाजारापासून मुन्शी पुलियापर्यंत, ज्यांच्या भरवशावर सहस्रावधी रहिवासी रात्री निश्चिंत निजतात, त्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांना कोणत्या चौकशीअंती नेमले, असा प्रश्न रहिवासी समितीच्या सभेत निघालाच, तर ‘एजन्सीने बघितले असेल’ या एका वाक्यावर त्याची बोळवण होते. आणि पुण्यातही याहून निराळे काही घडते, असे मला वाटत नाही.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा 2005 चा कायदा मात्र इतका मोघम नाही. पहारेकरी भारताचा, अथवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या अन्य देशाचा, नागरिक असावा, त्याचे वय 18 पूर्ण व 65 च्या आत असावे, विहित प्रशिक्षण त्याने पुरे केलेले असावे आणि त्याच्या चारित्र्याविषयी व पूर्वेतिहासाविषयी एजन्सीची खात्रजमा झालेली असावी, असे त्याचे दहावे कलम सांगते. त्यात कसूर झाल्यास 25,000 रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय परवान्यावर गदा. अर्थात खात्रजमेचा भार नेमणाऱ्यावर आहे, पोटासाठी दारी आलेल्या उमेदवारावर नाही.

प्रत्यक्षात आधार कार्डाची झेरॉक्स दप्तरी लावली की पडताळणीचा सोपस्कार आटोपला, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे 2016 च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे दहाव्या कलमाची पहिलीच अट त्या कागदाने सिद्ध होत नाही. ही उणीव झाकण्यासाठी मग माणसाचा चेहरा आणि बोली यांवरून निष्कर्ष काढले जातात, जे कायद्याला अभिप्रेत नाही व सभ्यपणालाही नाही. नेपाळहून आलेल्याच्या बाबतीत तर 1950 च्या भारत-नेपाळ कराराचे सातवे कलम आणि केंद्राची अधिसूचना वाचण्याचे कष्ट नेमणाऱ्यानेच घेतले पाहिजेत.

महाराष्ट्राने 1981 च्या कायद्यान्वये सुरक्षा रक्षक मंडळे स्थापून रक्षकांची नोंदणी सार्वजनिक यंत्रणेकडे सोपविली, हे दूरदर्शीपणाचे होते. उत्तर प्रदेशात पोलिसांच्या यूपीकॉप ॲपवर कर्मचाऱ्याच्या पडताळणीचा अर्ज घरबसल्या करता येतो, त्यामुळे सवडीची सबबही उरत नाही. खरी अडचण दराची आहे: सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारणारी समिती खात्रजमेचे मोल द्यायला तयार नसते. तिने पुढचा ठेका देताना दराच्या आधी एजन्सीचा परवाना व प्रत्येक पहारेकऱ्याचे पडताळणीपत्र मागावे, आणि त्या पडताळणीचा खर्च पहारेकऱ्याच्या पगारातून कापला जाणार नाही, हे करारनाम्यात लिहून घ्यावे.